परतीचे डबे

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. डबे घासायचं आहेच.

आमच्या अन्नपेढीचं एक काम असं आहे. सुकापूरच्या स्वरगंगा सोसायटीतली बरीच घरं सकाळचा स्वयंपाक करताना एक डबा जास्तीचा भरतात. हितेश टेम्पोतून ते डबे गोळा करतो आणि खाडीवरच्या कोळीवाड्यात नेतो. तिथे म्हातारी माणसं एकेकटी राहतात. मुलं कुठे कुठे पांगलेली. भरलेले डबे देऊन तो आदल्या दिवशीचे रिकामे घेऊन येतो. मी ते पुन्हा घासते, पुसते आणि झाकणावरचा नंबर बघून पिशव्यांत लावते. दुसऱ्या दिवशी डबा ज्याच्या त्याच्या घरी जातो.

रुचिरा पेढीचं सगळं बघते. वय तिशीचं, लॅपटॉपवरून मान वर न करता बोलते. आज म्हणाली, ताई, डोनर टिकले पाहिजेत, रोज थोड्या थोड्या घरांना फोन करून थँक्यू म्हणत जा. सोबत एक छापील कागद दिला. ‘आपल्या दातृत्वामुळे भुकेल्या चेहऱ्यांवर हास्य फुलले.’ मी तो दोनदा वाचला. वांग्याची भाजी पाठवलेल्या बाईला फोनवर असं म्हणता येत नाही. आपलं आपण बोलून पाहिलं. आणखीच वाईट वाटलं.

घरी आल्यावर तांदूळ घेतले तर परत दोन वाट्या पडल्या. हाताला माप बसलंय. उरलेला भात उद्या फोडणी देऊन खाईन.

१३ नोव्हेंबर

आभारांचे फोन केले. एकीने मीटिंगमध्ये आहे म्हणून ठेवला. एकीला मी कुठलीतरी वर्गणी मागते आहे असं वाटलं. तिसरीने विचारलं, कालची मुगाची उसळ त्यांना आवडली का? आवडली असेल, म्हटलं. ती म्हणाली, बरं.

जेवण कुणाच्या पोटात गेलं हे माहीत नसताना आभार कुणाच्या वतीने मानायचे?

१५ नोव्हेंबर

हितेशच्या टेम्पोतून कोळीवाड्यात गेले. हितेश इकडचाच आगरी. चाळिशी उलटलेला, तोंडाने अखंड गाडी चालवणारा. वाटेत म्हणाला, “मावशी, तुमी थँक्यू बोलता न ते लोक फोन कट करतात. माजी बायको पन तेच करते.”

जनीबाय शेवटच्या घरात राहतात. घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओटा. मुलगा मोऱ्याच्या बंदरात बोटीवर असतो, सणाला येतो, कधी येत नाही. हातपाय काटकुळे, पण आवाज असा की पलीकडच्या आळीतली कुत्री उठतात. मी गेले तेव्हा कालचा डबा उघडून बसल्या होत्या. उसळ कशी होती, विचारलं. म्हणाल्या, “ग्वाड करतात गो सगल्यात. गुल लय झाला काय त्यांच्याकरं?” पण डबा चाटूनपुसून साफ होता.

डबा धुतला आणि माझ्या हातात देण्याआधी आत जाऊन त्यात दोन चिंचा टाकल्या. मी म्हटलं, याची काही गरज नाही.

“रिकामा डबा परत द्याचा?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुठून आले आहे ते त्यांना कळेना. “तुज्या आयनी शिकवला नाय?”

शिकवलं होतं. शेजारणीची वाटी आली तर परत जाताना तिच्यात निदान चिमूटभर साखर. माझ्या आईकडे साखर नसायची तेव्हा ती परसातली कढीलिंबाची डहाळी ठेवायची.

आता लक्षात आलं की रोज डब्यांत काही ना काही असतं. आवळा, शेवग्याची शेंग, एकदा बकुळीची फुलं. रुचिराने आधीच सांगून ठेवलंय, ते सगळं काढून टाकायचं, हायजीनचा प्रश्न येतो. मी मुकाट्याने काढत होते. आवळ्यांचं लोणचंसुद्धा घातलंय.

१९ नोव्हेंबर

सोमवारपासून काढणं बंद केलं. चिंचेच्या डब्यातून चिंच जाते, शेंगेच्या डब्यातून शेंग. अंडं किंवा मासळी असली तर तेवढी मी ठेवून घेते, कारण स्वरगंगात पुष्कळ घरं शाकाहारी आहेत. रुचिराला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती.

आज मी फोन करायच्या आधीच दोघींचे फोन आले. एकीने चिंच आमटीत घातली होती. तिच्या नवऱ्याने विचारलं, आज काय वेगळं केलंस? ती बराच वेळ बोलत होती. चिंच कोणी पाठवली, त्यांचं नाव काय, तिखट चालतं का त्यांना. मी म्हटलं, गूळ थोडा कमी घाला.

छापील कागद मी चहाच्या कपाखाली ठेवायला घेते.

२३ नोव्हेंबर, रविवार

पेढी बंद. दिवसभर वाचलं.

मी शाळा चौथीपर्यंत केली. वाचायला शिकवलं ते यांनी आणलेल्या पुस्तकांनी. हे एसटी डेपोत मेकॅनिक होते. प्रवासी बसमध्ये पुस्तकं विसरतात. वर्षभर कोणी न्यायला आलं नाही की साहेबांना विचारून हे घरी आणत. अर्ध्यांना वेष्टन नाही, काहींची शेवटची पानं नाहीत. मी वाचून झालं की हे विचारायचे, पुढे काय झालं असेल? मी काहीतरी सांगायची. ते म्हणायचे, नाही, असं नाही होणार.

आज एक जाडसर पुस्तक संपलं. त्यालाही शेवट नव्हता. पुढे काय झालं असेल ते ठरवलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सोसायटीतून आज बहुतेक डब्यांत उपासाचं आलं. हितेश म्हणाला, कोलीवाड्यात लोक इचारतात, आज काय साबुदान्याची फॅक्टरी फुटली?

रुचिराला परतीच्या वस्तूंचं कळलं. रागावली नाही. मला वाटतं फोन वाढलेत, म्हणून. तिने डब्यात ठेवलेल्या शेंगेचा फोटो काढून कुठेतरी टाकला आणि खाली लिहिलं, रिटर्न गिफ्ट. पुष्कळांना आवडला म्हणे. १४ डिसेंबरला देणगीदारांच्या आभाराचा कार्यक्रम आहे, त्यात स्वरगंगाचे सेक्रेटरी कृष्णकांत यांचा सत्कार करायचाय. सगळ्यात जास्त डबे त्यांच्याकडून येतात. मीही दोन शब्द बोलावेत असं ती म्हणते. मी म्हटलं, बघू.

४ डिसेंबर, गुरुवार

दुसरा गुरुवार आणि आजच दत्तजयंती.

साडेदहाच्या सुमारास रुचिराचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला, मग थांबेचना. कृष्णकांतांच्या घरी डबा परत गेला, त्यांच्या पत्नी सुनंदाताईंनी ओट्यावर उघडला, आतली कागदाची पुडी सोडली आणि सुकट ओट्यावर सांडली. ओट्याला लागूनच त्यांचं देवघर. घट मांडलेला, नैवेद्य व्हायचा होता.

सोसायटीच्या ग्रुपवर दुपारपर्यंत इतकं लिहिलं गेलं की रुचिराने ते वाचणं सोडून दिलं. आमचे डबे मासे ठेवायला वापरतात. मुद्दाम केलंय. आजच्या दिवशीच कसं? उद्यापासून स्वरगंगाचा एकही डबा येणार नाही.

तो डबा जनीबायला गेलेला. काल लावला मी. आत प्लॅस्टिक, वर कागद, दोऱ्याने घट्ट बांधलेली पुडी. मी चाचपून पाहिली. वाळलेलं, हलकं, मऊ. आमसुलं असतील असं वाटलं. परत ठेवली.

रुचिराने विचारलं, “ताई, सुकटीचा वास रस्त्यापलीकडून येतो. तुम्हाला कसा नाही आला?”

सर्दी आहे, म्हटलं.

हितेशला आला होता. तो म्हणाला, “मना वाटला टेम्पोलाच येतो. टेम्पोला कवा येत नाय?”

५ डिसेंबर

इथे खोटं लिहून उपयोग नाही. मला सर्दी नाही. मला वास येत नाही.

करोनाच्या त्या एप्रिलात आम्हा दोघांना एकाच दिवशी दवाखान्यात नेलं. मी परत आले. जिभेवर तिखट, मीठ, गोड महिनाभरात आलं. वास आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. कोणी विचारलं तर मीही तसंच म्हणणार होते, पण कोणी विचारलं नाही. आता इतकी वर्षं झाली की सांगायचं म्हटलं तरी लाज वाटते. दूध उतू गेलं की बघून कळतं. गॅसचं बटण रोज झोपताना हाताने चाचपते. जमतं.

यांचा एक शर्ट कपाटात न धुता ठेवलेला आहे. अशा शर्टाचं लोक जे करतात ते मला करता येत नाही. तरी धुतलेला नाही.

आज कोळीवाड्यात डबे गेले नाहीत. रुचिराने कुठून तरी ब्रेड मिळवला.

६ डिसेंबर

सुनंदाताईंकडे गेले. रुचिरा म्हणाली होती, जाऊ नका, मी हँडल करते. पण माफी काही हँडल करायची गोष्ट नाही.

कृष्णकांत घरी होते. चिडके वाटले नाहीत, थकलेले वाटले. म्हणाले, आमचा कुणाच्या खाण्याला विरोध नाही, पण दुसऱ्याच्या घरात काय चालतं, काय नाही, एवढं बघायला नको? मी म्हटलं, बघायला हवं होतं, चूक माझी, ज्यांनी ठेवलं त्यांची नाही. त्यांच्या घरात जे चांगल्यातलं चांगलं होतं ते त्यांनी दिलं. यावर ते आत निघून गेले.

सुनंदाताईंनी विचारलं, तुम्हाला वास नाही आला? मी पुन्हा सर्दी म्हटलं. त्यांनी सुंठ घालून चहा दिला.

निघताना डबा माझ्या हातात ठेवला. लखलखीत घासलेला.

“हा आमच्या निनादचा. इंजिनिअरिंगला होता तेव्हा रोज हाच न्यायचा. आता कॅनडात असतो,” म्हणाल्या. “हे म्हणतात, घरात ठेवायचा नाही. आणि मला टाकवत नाही. तुम्ही न्या. वापरात राहू दे.”

एका डब्याचं इतकं काय, असं वाटलं. पण घेतला.

८ डिसेंबर, सोमवार

तोडगा निघाला. स्वरगंगाचे डबे पुन्हा सुरू, पण ते आता सरकारी दवाखान्याबाहेर, पेशंटच्या नातेवाइकांना जातील. कोळीवाड्याला पेढीच्या स्वयंपाकघरातून खिचडी, कागदी द्रोणात. द्रोण परत यायचा प्रश्न नाही. रुचिरा म्हणाली, विन-विन. कोणी उपाशी नाही, कोणी नाराज नाही.

मी हिशोब मनाशी करून पाहिला. चुकीचा काढता येईना. तरी बरोबर वाटला नाही.

आभाराचे फोनही आता नकोत म्हणाली, सध्या वातावरण शांत होऊ दे.

११ डिसेंबर

हितेशने सांगितलं, सगळे खिचडी घेतात, जनीबाय घेत नाहीत. पहिल्या दिवशी द्रोण हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, यो परत कंदी न्याचा? तो म्हणाला, न्यायचा नाय, टाकून द्यायचा. तेव्हापासून दार लावून आत बसतात. शेजारणीने दिलं तर थोडं खातात. ती स्वतःच खिचडीवर.

मी विचारलं, काही म्हणाल्या का?

हितेश नेहमी असल्या गोष्टी नक्कल करून सांगतो. आज केली नाही. “बोलली, घ्याचा न द्याचा काय नाय, त्याला भीक बोलतात. मी भिकारीन नाय.” मग म्हणाला, “मावशी, ती वालली लय. हात बगा तिचं.”

रुचिराला सांगितलं. ती खरंच वाईट वाटून म्हणाली, ताई, एका माणसासाठी सिस्टिम बदलता येत नाही ना. तिचंही खरं आहे. तिच्या डोक्यावर सगळ्यांची पोटं आहेत.

१४ डिसेंबर, रविवार

कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. कृष्णकांतांना शाल, श्रीफळ. रुचिराने भाषणात एका लाभार्थ्याकडून अनवधानाने झालेल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि सर्व लाभार्थ्यांना समज दिल्याचं सांगितलं. मी दुसऱ्या रांगेत होते. मी तिला स्पष्ट सांगितलं होतं, चूक माझी. ती म्हणाली होती, ताई, तुम्ही आमच्या आहात, तुमचं नाव कशाला?

मग मला बोलावलं. मी छापील कागद नेला नव्हता. उभी राहून एवढंच म्हणाले: पुडी मी ठेवली. जनीबायने दिली ती आभार म्हणून. तुम्ही केलेली उसळ त्यांना गोड लागायची, तरी डबा पुसून खायच्या. त्यांच्या वतीने सांगायचं तर एवढंच आहे. धन्यवाद.

टाळ्या थोड्या पडल्या, कुठे वाजवायच्या ते लोकांना कळलं नसावं. वास का आला नाही ते सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. समोर इतकी माणसं आणि त्यात ओळखीचं कोणी नाही.

कृष्णकांत खाली उतरल्यावर माझ्याजवळून गेले, थांबले, म्हणाले, गूळ कमी करायला सांगतो हिला. आणि पुढे गेले. ही थट्टा होती की काय ते मला अजून कळलेलं नाही. रुचिरा माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

१६ डिसेंबर

सकाळी वरण, भात, चवळीची भाजी केली. निनादच्या डब्यात भरलं. पेढीत सुट्टी सांगितली आणि रिक्षाने कोळीवाड्यात गेले. पेढीचं काम म्हणून नाही, हे वाटेत ठरवून ठेवलं होतं, विचारलं तर सांगायला.

दार लावलेलं होतं. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा आतून आवाज आला, “खिचरी नको.”

“खिचडी नाही. डबा आहे. माझ्या घरचा.”

दार उघडायला वेळ लागला. खरंच वाळल्या होत्या. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि डब्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

“यो परत न्याचा काय?”

“न्यायचा. उद्या परत आणायचाय.”

“तू खातीस काय, मासली?”

“खाते.”

मग त्या ओट्यावर बसल्या. डबा उघडला. वरचा खण बाजूला केला, वरणाचा उघडला आणि तोंड वाकडं केलं.

“बाय, वरन लागलंय गो खाली. जललंय. वास नाय आला तुला?”

मी सर्दी म्हणायला तोंड उघडलं. दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं, पलीकडे कोणीतरी जाळी झटकत होतं.

“मला वास येत नाही,” म्हटलं. “कसलाच नाही.”

“कवापास्न?”

“हे गेले तेव्हापासून.”

त्यांनी मान हलवली, जशी आपण कोणी गाव सांगितलं आणि ते आपल्या वाटेवरचंच निघालं की हलवतो. अरेरे म्हणाल्या नाहीत. भात कालवला. पहिला घास गिळताना थोडा वेळ लागला, मग सावकाश सगळं जेवल्या. जळकं वरणसुद्धा. मधेच म्हणाल्या, भाजी बरी हाय, गुल नाय. मी बसून राहिले. मला कुठे जायचं नव्हतं.

जेवण झाल्यावर त्यांनी डबा धुतला, पदराने पुसला आणि आत गेल्या. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. बाहेर आल्या त्या कागदाची पुडी घेऊन. दोरा बांधलेला होता. डब्यात ठेवायला वाकल्या आणि थांबल्या. खाली बसून दोरा सोडला, कागद माझ्यासमोर पूर्ण उलगडला, आणि आतलं बोटाने पसरून उन्हात दाखवलं. बारीक, गुलाबी, काळ्या ठिपक्यांचे डोळे.

“बग. सुकट हाय,” म्हणाल्या. “नीट बग, न मंग झाकन लाव.”

मी नीट बघितलं. मग झाकण लावलं.